क्रिकेटवीर पालवणकर बाळू : एक पुनर्स्मरण

आपल्या निवासी विद्यालयाच्या भिंतीवर अनेक थोरांच्या तसबिरी आहेत. प्रार्थनासभागृहात तथागत आहेत, बाबासाहेब आहेत, जोतीराव आणि सावित्रीबाई आहेत, राजर्षी शाहू महाराज आहेत. ज्यांच्याविषयी आम्ही या स्मरणिकेत लिहिणार आहोत त्यांची तसबीर मात्र आपल्याकडे नाही. काही वर्षांपूर्वी क्रीडासप्ताहाच्या निमित्ताने आम्ही क्रीडाफलकावर पालवणकर बाळू हे नाव खडूने लिहिले आणि खाली चार ओळींचा परिचय दिला. दुसऱ्या दिवशी नववीतला एक विद्यार्थी आमच्यापाशी आला. त्याने कुठेतरी वाचले होते की, हे गृहस्थ निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते. मग त्यांचे नाव आपल्या फलकावर कशासाठी, असा त्याचा साधा प्रश्न होता.

त्या दिवशी आम्ही त्याला जे उत्तर दिले ते अपुरे होते. इतिहास शिकविणाऱ्याने असा प्रश्न टाळू नये, हे ठाऊक असूनही आम्ही तो अर्धा टाळला. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

छावणीतील बालपण

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील. पालवण या गावावरून त्यांना आडनाव मिळाले. ते चर्मकार समाजाचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला आणि बालपण पुण्यात गेले. वडिलांची नोकरी लष्कराच्या आश्रयाने होती. आपल्या अंबरनाथच्या शस्त्रास्त्र कारखान्यात ज्यांचे आजोबा किंवा वडील कामाला होते, अशी कितीतरी मुले आजवर या विद्यालयात शिकून गेली. त्यांना या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. गावगाड्याच्या बाहेर पडण्यासाठी त्या काळी जी थोडी दारे किलकिली झाली होती, त्यांत लष्कर, रेल्वे आणि गिरणी ही प्रमुख होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातलेच. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत १८९१ मध्ये झाला, म्हणजे बाळू त्यांच्याहून सुमारे पंधरा वर्षांनी मोठे. दोघांच्या घरांना पहिला मोकळा वारा लागला तो छावणीचा.

छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि जुने चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. शाळेचे शिक्षण मात्र फार पुढे गेले नाही. घराला मिळकतीची गरज होती, म्हणून बाळूंनी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात नोकरी धरली. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे त्यांना महिना चार रुपये मिळू लागले.

चेंडू हाती आला, बॅट नाही

पूना क्लबात त्या वेळी कॅप्टन ग्रेग या नावाचा एक नामांकित गोरा फलंदाज होता. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावी. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते. दोन्ही बाजूंना चेंडू वळविणे, वेगात नकळत बदल करणे आणि नेमक्या टप्प्यावर पुनःपुन्हा मारा करीत राहणे ही त्यांची अस्त्रे. ग्रेगला बाद केले की तो बाळूंना दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, ग्रेगसारख्या फलंदाजापुढे रोज तासन् तास केलेल्या माऱ्यातून बाळूंची कला घडली, एवढे निश्चित.

या ठिकाणी आमच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. 'लगान' चित्रपटातील कचरा हे पात्र सर्वांना ठाऊक आहे. ते पाहताना अनेक जाणकारांना बाळूंची आठवण झाली. परंतु दोघांत एक मोठा भेद आहे. त्या पात्राच्या हातात व्यंग असते आणि त्या व्यंगामुळे चेंडू आपोआप वळतो. त्याची फिरकी हा योगायोग आहे. बाळूंच्या हातात कसलेही व्यंग नव्हते आणि त्यांच्या यशात कसलाही योगायोग नव्हता. ते श्रमाने घडलेले कलावंत होते. आपल्या माणसाच्या गुणाला दैवाची देणगी म्हणून मोकळे होणे सोपे असते. त्यामागील वर्षानुवर्षांच्या मेहनतीची नोंद घेणे मात्र समाजाला जड जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इतकी वर्षे बाळू पूना क्लबात चेंडू टाकीत राहिले, पण त्यांच्या हाती सरावासाठी बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचे आणि सरदाराचे काम, गोलंदाजी हे राबणाऱ्याचे, अशी त्या खेळातही एक वर्णव्यवस्था होती. ती विलायतेतून आली होती आणि इथल्या मातीत तिला खतपाणी आयतेच मिळाले.

मातीची कुल्हड आणि चिनी मातीचा कप

पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता. त्याला युरोपियनांच्या संघाला हरवायचे होते. ग्रेगला रोज बाद करणारा गोलंदाज शहरातच आहे, ही वार्ता त्यांच्या कानी गेली. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर क्लबात वाद झाला. काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता, तर काही तेलुगू सभासद अनुकूल होते. अखेर जिंकण्याची इच्छा प्रबळ ठरली आणि बाळू संघात आले.

मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू इतर खेळाडू झेलत होते. चेंडूला विटाळ होत नव्हता. पण चहापानाची वेळ झाली की बाळू मंडपाबाहेर उभे राहत. इतरांना चिनी मातीच्या कपात चहा मिळे आणि बाळूंना फेकून देता येईल अशा मातीच्या कुल्हडीत. हातपाय धुवायला पाणी हवे असले तर ते क्लबातला अस्पृश्य नोकर आणून देई. जेवणाची त्यांची पंगत वेगळी. चेंडू आणि कप या दोन वस्तूंमध्ये जे अंतर होते, त्यात या देशाचा सगळा सामाजिक इतिहास सामावलेला आहे, असे आम्हाला वाटते.

पुढे साताऱ्याला युरोपियनांच्या जिमखान्याशी सामना झाला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टी रोलरने दाबून टणक केली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. या विजयानंतर बाळूंचा पुण्यात जाहीर सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला हरकत कसली, अशा आशयाचा सवाल त्यांनी क्लबातील मंडळींना केल्याची नोंद आढळते. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचे जाहीर कौतुक केले. हळूहळू मातीची कुल्हड मागे पडली. बाळूंच्या आयुष्यातील हे पहिले सामाजिक यश होते आणि ते त्यांनी एकाही भाषणाविना मिळविले होते. हे यश त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले असावे. त्यांच्या पुढील राजकीय निवडीचे मूळ आम्हाला याच अनुभवात दिसते.

मुंबई आणि १९०६ चा विजय

पुण्यात प्लेगने थैमान घातले त्या काळात बाळू मुंबईला आले. काही काळ पलटणीत आणि पुढे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांनी नोकरी केली. खेळ चालूच होता. मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यास काही सभासदांनी हरकत घेतली होती, पण कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला आणि बाळूंना प्रवेश मिळाला. पुण्याचीच कहाणी मुंबईत पुन्हा घडली. प्रत्येक नव्या दारापुढे त्यांना आपली लायकी नव्याने सिद्ध करावी लागत होती. मागच्या दारातून मिळालेला परवाना पुढच्या दारात चालत नव्हता.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा पहिला मोठा सामना झाला. बंगालच्या फाळणीने देश तापला होता, स्वदेशीची चळवळ जोरात होती. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे दोन्ही डाव अनुक्रमे १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता आणि त्यांचे बंधू शिवराम हेही संघात होते. समाजसुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या पत्रांनी या विजयाचा अर्थ अचूक ओळखला. पुण्याच्या क्लबाने आणि मुंबईच्या जिमखान्याने जातीचा अडसर थोडा बाजूला सारला म्हणून हा विजय शक्य झाला, ही गोष्ट त्यांनी वाचकांपुढे मांडली. पुढल्या वर्षी पारशी, हिंदू आणि युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले आणि १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. धर्मावर उभ्या असलेल्या या सामन्यांत बाळू हिंदूंचे प्रमुख गोलंदाज म्हणून गाजत राहिले. जो धर्म त्यांना आपल्या देवळात घेत नव्हता, त्याच धर्माच्या नावाने ते मैदानावर विजय मिळवीत होते.

विलायतेचा दौरा

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. सर्व धर्मांचे खेळाडू असलेला हा पहिला हिंदी संघ. बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ त्यात होते. संघाची कामगिरी एकंदरीत यथातथाच झाली. १४ प्रथम श्रेणी सामन्यांपैकी दोन जिंकले, दहा हरले. महाराज संघाबरोबर फारसे राहिले नाहीत. त्यांना राज्यारोहण समारंभाची आमंत्रणे अधिक महत्त्वाची होती. खांदा दुखत असतानाही बाळू मात्र प्रत्येक मैदानावर मारा करीत राहिले. दौऱ्यात सर्व सामने मिळून त्यांनी ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. लेस्टरशायरविरुद्धचा पहिला विजय त्यांच्या गोलंदाजीने सुकर झाला, तर सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवरामांनी नाबाद शतक ठोकले. एका संस्थानिकाच्या नेतृत्वाखालील संघाची लाज चर्मकाराच्या दोन मुलांनी राखली, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

मुंबईला परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा गौरव केला. त्या काळी भीमराव आंबेडकर हे एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणारे तरुण होते. बाळूंच्या गौरवासाठी झटणे हा बाबासाहेबांच्या अगदी आरंभीच्या सार्वजनिक कार्यांपैकी एक भाग होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या नववीतल्या विद्यार्थ्याने आम्हाला प्रश्न विचारला त्याने हे प्रथम लक्षात घ्यावे. आपल्या समाजाला साऱ्या देशाने ओळखावे असा एक माणूस मिळाला, याचा पहिला अभिमान ज्यांनी बाळगला त्यांत तरुण भीमराव होते.

कर्णधारपदाचा प्रश्न

इंग्लंडहून परतल्यानंतर ज्येष्ठता आणि गुणवत्ता या दोन्ही निकषांवर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यायला हवे होते. ते कधीच आले नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेले म. द. पै यांनी, या मानावर बाळूंचा हक्क अधिक होता, असे आपल्या सत्कारप्रसंगी मोकळेपणाने मान्य केले. पै यांचा हा मनाचा मोठेपणा आम्ही आवर्जून नमूद करतो. पण व्यक्तीच्या मोठेपणाने व्यवस्थेचे छोटेपण झाकले जात नाही. त्याच वर्षी बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चारही पालवणकर बंधू चौरंगी सामन्यात हिंदूंकडून खेळले. अकरांतले चार एका अस्पृश्य घरातले. तरीही नाणेफेकीला जाणारा माणूस मात्र त्या घरातला नव्हता. गोलंदाजी करायला, झेल घ्यायला, धावा करायला त्यांची हरकत नव्हती. हुकूम द्यायला होती.

ही खदखद १९२० मध्ये बाहेर पडली. पै आजारी असल्यामुळे मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी नवा कर्णधार नेमायचा होता. निवड समितीने पुण्याचे दि. ब. देवधर यांची नेमणूक केली, विठ्ठल यांचा दावा डावलला आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडली. जात पाहून केलेला हा अपमान आम्ही सोसणार नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. याच वर्षाच्या जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले होते आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. पालवणकर बंधूंचा त्या घडामोडींशी थेट संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु काळ एक होता आणि मुके राहण्याचे दिवस सरत आले होते, हे त्यातून दिसते.

निवेदनाचा परिणाम झाला. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि दोघे बंधूही संघात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. पंचेचाळिशीच्या घरात आलेल्या त्या थोर खेळाडूच्या वाट्याला कर्णधारपद आले ते असे, दुसऱ्याने क्षणभर जागा मोकळी करून दिली म्हणून. ते कृपेने आले. हक्काने आले नाही.

हक्काचे कर्णधारपद त्या घरात १९२३ मध्ये आले. विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. या विठ्ठलांनीच पुढे १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. पालवणकर बंधूंची कहाणी नव्या पिढीपर्यंत पोहोचविण्याचे काम रामचंद्र गुहा यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या क्रिकेटविषयक इंग्रजी ग्रंथाने केले. मधली पन्नासेक वर्षे ही नावे जवळजवळ विस्मरणात गेली होती. बाळूंच्या खात्यावर प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत आणि प्रत्येक बळीमागे त्यांनी सरासरी अवघ्या १५ धावा दिल्या. आज त्यांचे आकडे पाहिले की हे विस्मरण अधिकच बोचते.

दोन वाटा

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू.

१९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि पी. बाळू यांचीही. एकाच कागदावरच्या या दोन सह्यांचा अर्थ मात्र एक नव्हता. बाबासाहेबांनी मोठ्या दडपणाखाली, आपल्या समाजाला मिळालेला हक्क सोडून देत सही केली. बाळू एम. सी. राजा यांच्यासोबत आधीपासूनच संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. पुढे १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला जाहीर विरोध दर्शविला. आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांसमोर बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. बाबासाहेब विजयी झाले.

हा इतिहास आम्ही लपवीत नाही आणि सौम्यही करीत नाही. काँग्रेसने बाळूंची लोकप्रियता बाबासाहेबांविरुद्ध हत्यारासारखी वापरली, हे आमचे स्पष्ट मत आहे. अस्पृश्यांतील जातींच्या पायऱ्या एकमेकांविरुद्ध उभ्या करण्याचा डावही त्यात होता. ज्या क्रमिक विषमतेचे विश्लेषण बाबासाहेबांनी केले, तिचाच हा निवडणुकीतला प्रयोग. त्या डावात बाळू सामील झाले, ही त्यांच्या चरित्रातील उणीव आहे आणि ती उणीव म्हणूनच नोंदवली पाहिजे.

पण इतिहासाचा विद्यार्थी निवाडा करून थांबत नाही. माणूस त्या जागी कसा पोहोचला, हेही तो पाहतो. बाळूंचे सारे आयुष्य एका अनुभवावर उभे होते. आपण उत्तम कामगिरी केली की समोरच्याचे मन पालटते, असा तो अनुभव. पुण्यात कुल्हड गेली. मुंबईत जिमखान्याचे दार उघडले. १९२० मध्ये उपकर्णधारपद आले आणि १९२३ मध्ये धाकट्या भावाला कर्णधारपद मिळाले. तीस वर्षांत हे सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सवर्णांचे मन हळूहळू वळते आहे, त्याला थोडा वेळ द्यावा, असे त्यांना वाटले असल्यास त्यात अप्रामाणिकपणा दिसत नाही.

बाबासाहेबांनी तेच चित्र पाहिले आणि त्यातून उलटा निष्कर्ष काढला. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर ते गेले तेव्हा कोणाच्या मनपरिवर्तनाची वाट त्यांनी पाहिली नाही. नगरपालिकेने जे तळे खुले केले होते त्यावरचा हक्क त्यांनी प्रत्यक्षात आणला. बाळूंसारख्या अलौकिक गुणाच्या माणसाला साधा चहाचा कप मिळवायला वर्षे लागत असतील, तर ज्याच्या हातात अशी फिरकी नाही त्या सामान्य अस्पृश्याने काय करावे? शेतात राबणाऱ्याने, रस्ता झाडणाऱ्याने किती गडी बाद केल्यावर त्याला पाणी मिळावे? या प्रश्नाला बाळूंच्या वाटेवर उत्तर नव्हते. गुणवंताला मिळालेला सन्मान ही सवलत असते आणि ती देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. सामान्य माणसाला हवा असतो तो कायद्याने बांधलेला हक्क. आमच्या मते बाळूंचे चरित्र हा बाबासाहेबांच्या विचाराचा फार मोठा पुरावा आहे, आणि तो पुरावा बाबासाहेबांच्या प्रतिस्पर्ध्याच्या आयुष्यातून मिळतो म्हणून अधिकच बळकट ठरतो. फलकावर त्यांचे नाव का, याचे आमचे पहिले उत्तर हे.

दुसरे उत्तर साधे आहे. बाळूंनी जे सोसले ते आपल्यासाठीही सोसले. मंडपाबाहेर उभे राहून कुल्हडीतून चहा पिणारा आणि परत मैदानात येऊन सात गडी बाद करणारा तो तरुण आपलाच होता. त्याच्याशी मतभेद असावेत, त्याचे विस्मरण नसावे. आपल्या पूर्वजांना आपणच वगळू लागलो, तर निवड समित्यांत आणि आपल्यांत फरक तो काय उरला?

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी दलित समाजातील नेते आणि जुने क्रिकेटपटू उपस्थित होते. त्यानंतर सव्वा वर्षाने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. ज्या वाटेला बाळूंनी विरोध केला होता ती वाट तेथे पूर्णत्वाला पोहोचली, आणि त्याच वाटेने पुढे चिखलोलीसारख्या ठिकाणी आपले हे विद्यालय उभे राहिले.

आपले मैदान

आपल्या विद्यालयाचे मैदान लहान आहे. पावसाळ्यात ते चिखलाने भरते आणि हिवाळ्यात माती दाबून खेळपट्टी नव्याने करावी लागते. पूर्वी रोलर ओढायचे काम नव्या आणि लहान मुलांकडे असे, कारण त्यांचा नाहीतरी खेळात नंबर लागत नसे. ज्यांची बॅट त्यांचा खेळ, असा अलिखित नियम होता. बाळूंचे चरित्र वर्गात सांगितल्यानंतर पुढच्या हिवाळ्यात मुलांनी स्वतःच एक यादी केली आणि ती मैदानाकडच्या भिंतीवर चिकटवली. रोलर ओढण्याची पाळी आणि फलंदाजीची पाळी अशी एकच यादी. जो रोलर ओढील त्याला त्या दिवशी बॅट मिळेलच. दहावीचा असो वा पाचवीचा, मुलगा असो वा मुलगी. ही यादी करण्यात पुढाकार कोणाचा होता ते आम्ही चौकशी करून शोधले. तो नववीतला प्रश्न विचारणारा विद्यार्थीच होता.

त्याला बाळूंचे राजकारण पटले नव्हते आणि अजूनही पटत नसावे. पटावे असा आमचा आग्रहही नाही. पण महिना चार रुपयांवर चेंडू टाकीत राहिलेल्या त्या माणसाच्या हाती बॅट कोणी दिली नाही, ही गोष्ट त्याने ऐकली आणि आपल्या मैदानापुरती दुरुस्त केली. मर्जीवर न सोडता त्याने ती नियमात बांधली. बाळूंची कळकळ आणि बाबासाहेबांची रीत त्या एका कागदावर शेजारी शेजारी आल्या.

यंदा क्रीडाफलकावर पालवणकर बाळू हे नाव पुन्हा लिहिले जाईल. या वेळी खाली चार ओळींऐवजी संपूर्ण हकीकत असेल, १९११ सह आणि १९३७ सह.